थोरली बंद होती

१

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो, तेव्हा नव्या डायचा सेट जागेवर नव्हता.

डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम दाबलं की गाडीचा पार्ट तयार होतो. हा सेट आमच्या माणसांनी वर्षभर खपून बनवला होता. बाहेरच्या प्रेसवर ट्रायल घ्यायची म्हणून तो खोक्यात भरून डिस्पॅचच्या शेडमध्ये ठेवला होता. सेट गेला म्हणजे गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं म्हणजे चाकणची आमची भामचंद्र डायकास्टिंग बसलीच म्हणायची.

मी सयाजी कड, या कंपनीच्या गेटचा प्रमुख. उभं आयुष्य पोलिसात काढलं, त्यामुळे माणसांवर चटकन विश्वास ठेवायची सवय मोडली आहे. माझ्या गेटचा नियम साधा. गेटपास असेल तर हत्ती सोडतो, नसेल तर मालकिणीचा डबाही अडवतो.

आणि नेमकी तिथेच माझी गोची झाली होती. चोराने भिंत फोडली नव्हती की कुलूप तोडलं नव्हतं. खंडेनवमीला आम्ही सगळे पूजेला जमलो असताना सेट ट्रकात बसून, माझ्याच गेटमधून, गेटपास दाखवून गेला होता.

"साहेब, कागद आपल्याच प्रिंटरमधनं निघाला की," गेटवरचा भैरू रडकुंडीला आला होता. "म्या हातानं न्हाई लिहिला. रिकामा ट्रक आला, मशीननं कागद दिला, फोर्कलिफ्टवाल्यानं तो बघून खोका चढवला. कागदावर नुमानभाईंचं नाव व्हतं. मग म्या काय म्हणून अडवायचं?"

नुमान शेख आमचा डिस्पॅच प्रमुख. मालकीणबाई इंदुताई यांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या शेठनी, त्याला पोरवयात कामाला लावलं होतं. पूजेची झेंडूची फुलं दरवर्षी तोच आणतो. शेठ गेल्यापासून कंपनी इंदुताई चालवतात. बाई सरळ आहेत, पण राग आला की मागचंपुढचं बघत नाहीत.

त्या दिवशीही बघितलं नाही. कँटीनसमोर, पहिल्या शिफ्टच्या डोळ्यांदेखत, त्यांनी मला नुमानची पिशवी तपासायला लावली. एवढा मोठा पोलादी सेट पिशवीत मावत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी पिशवीची चेन उघडली. आत डबा, पाण्याची बाटली आणि घडी घातलेला रुमाल.

"ताई, तो गेटपास मी काढलेला नाही," नुमान म्हणाला.

"मग तुझं नाव काय भुताने घातलं? सिस्टिम खोटं बोलते?"

शेठचे धाकटे भाऊ यशवंतराव मध्ये पडले. फॅक्टरी तेच बघतात. "वहिनी, जाऊ द्या. घरातला माणूस आहे. राजीनामा घ्या आणि विषय मिटवा. पोलीस कशाला?"

"विषय मिटणार नाही भाऊजी. संध्याकाळी मी स्वतः फिर्याद देणार, नुमानच्या नावाने."

नुमानची पिशवी उघडीच राहिली होती. तेवढ्यात प्रज्वल जिन्यावरून धापा टाकत खाली आला. हा लातूरकडचा पोरगा आमचे कॉम्प्युटर सांभाळतो.

"ताई, काहीतरी लई उलटंसुलटं झालंय," तो म्हणाला. "गेटपास निघाला तेव्हा थोरली बंद होती!"

२

आमच्याकडे दोन कॉम्प्युटरांना जावांची नावं पडली आहेत. थोरली असते ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात. कुणालाही सिस्टिमचं पान उघडायचं असेल तर आधी तिच्याशी गाठ. ती नाव आणि पासवर्ड विचारते, खातरजमा करते आणि मग आत निरोप पाठवते. धाकटी असते स्टोअरमागच्या थंडगार खोलीत. ती कुणाला तोंड दाखवत नाही, पण सगळं काम तिच्याच हातचं. माल किती आहे ते तिला ठाऊक, गेटपास तीच बनवते आणि गेटवरच्या माझ्या केबिनमधल्या प्रिंटरला पाठवते. पूर्वी दोघींचं काम एकाच मशीनवर होतं आणि ते सारखं मान टाकायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांना वेगळं घर दिलं आणि मध्ये एक केबल टाकली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि मशीनं पूजतात, आणि पूजेला बसलेलं मशीन चालू ठेवायचं नाही हा शेठच्या वेळचा दंडक. प्रेस बंद, भट्ट्या बंद. प्रज्वलनेही सकाळीच थोरली बंद केली, कपाटातून काढली आणि कँटीनच्या हॉलमध्ये टेबलावर मांडली. तिच्या शेजारी लॅपटॉपांची रांग. नुमान दिसेना म्हणून त्याचा लॅपटॉप मीच नेऊन ठेवला होता.

त्यातही यंदा उशीर झाला. आरतीला उभे राहिलो तोच ताईंनी कुंकवाचा करंडा परत पाठवला आणि चंदनाचं गंध उगाळून आणायला सांगितलं. गेल्या वर्षी म्हणे कुंकू कीबोर्डात जाऊन बसलं होतं. तोवर आम्ही सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर. माझे गुडघे अजून ताईंचं नाव घेतात.

"आणि धाकटी? ती बंद नव्हती केलीस?" ताईंनी विचारलं.

प्रज्वलने मान खाली घातली. "थोरली बंद केली की पान उघडत न्हाई. पान उघडत न्हाई म्हणजे सिस्टिम बंद, असंच सगळे धरतात. मी पण तसंच धरलं."

ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रज्वलला शिकवणाऱ्या विजयश्री वाळुंज मॅडमना त्याने फोन केला. दुपारच्या आत त्या स्कूटरवर हजर झाल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलण्यात खेडकडचा ठसका. मला वाटलं होतं बाई इंग्रजी झाडतील. त्यांनी आधी चहा मागितला.

मग त्या थोरलीपुढे उभ्या राहिल्या. ती आता कपाटात परत गेली होती, पण कपाळावर गंधाचा पिवळा टिळा आणि गळ्यात सुकलेली माळ तशीच होती.

"आरतीच्या वेळी ही नक्की बंद होती?"

"मॅडम, मी तिच्यासमोर उभा व्हतो," मी म्हणालो. "तिची वायरसुद्धा कुठं जोडलेली नव्हती. तिथं दिवा जळत व्हता तो फक्त समईचा."

मॅडम धाकटीच्या खोलीत गेल्या. धाकटी कोण कधी काय बोललं ते लक्षात ठेवते. बराच वेळ पडद्यावर बघून त्या बाहेर आल्या, आणि आता त्यांच्या बोलण्यात मघाचा ठसका नव्हता.

"धाकटी म्हणते, आरती चालू असताना थोरलीने तिला हाक मारली. नुमान शेख आलाय, गेटपास दे, असं सांगितलं. आणि तिने दिला."

"पण थोरली तर टेबलावर होती!"

"हो ना. म्हणजे थोरलीचं सोंग घेऊन दुसरंच कुणीतरी तिच्याशी बोललं."

३

मॅडमनी मला समजावलं ते असं. धाकटी पासवर्ड विचारतच नाही. ते काम थोरलीचं. धाकटी फक्त बघते, हाक थोरलीच्या पत्त्यावरून आली का. आली असेल तर थोरली जे नाव सांगेल ते ती डोळे मिटून मानते. थोरली चालू असताना दुसऱ्या कुणी तोच पत्ता लावला तर दोघांची टक्कर होते आणि बोभाटा होतो. पण थोरली बंद असली की पत्ता रिकामा.

"कुठूनही करता येतं हे?"

"नाही. धाकटीकडे जाणारी केबल एकच आहे. थोरलीला पूजेला नेलं तेव्हा तिचं टोक कपाटात सुटं पडलं होतं. आरती चालू असताना कुणीतरी वर गेलं, त्या टोकाला आपला लॅपटॉप जोडला, थोरलीचा पत्ता लावला आणि नुमानचं नाव सांगितलं. गेटपास निघाला की लॅपटॉप उचलून खाली."

म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा तो आमच्या डोक्यावर बसला होता.

"धाकटी पासवर्ड विचारत नाही, हे कुणाकुणाला माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

दोघींना वेगळं केलं तेव्हा खोलीत तिघे होते. प्रज्वल, कारण काम त्याचं. यशवंतराव, कारण देखरेख त्यांची. आणि नुमान, कारण गेटपास त्याचा म्हणून चाचणीला त्यालाच बसवलं होतं.

आधी आम्ही प्रज्वलला गाठलं. त्याने लॅपटॉप मिटून आमच्यापुढे ठेवला. लॅपटॉपच्या झाकणावर पिवळा टिळा, अगदी मधोमध.

"मॅडम, माझ्यावर येणार का हे?"

"तू आरतीला कुठे होतास?"

"ताईंच्या बाजूला. ताम्हण धरून."

हे खरं होतं. त्याच्या ताम्हणातला कापूर विझला तेव्हा माझीच काडेपेटी कामाला आली होती.

यशवंतरावांनी केबिनमध्ये आम्हाला अगत्याने बसवलं. लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला. झाकणावर कुंकवाचं लालभडक बोट आणि त्यात चिकटलेली झेंडूची पाकळी. माणूस देवाधर्माचा आहे, दर गुरुवारी उपास करतो.

"मी मागेच उभा होतो, दाराजवळ," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचा फोन येईल म्हणून पुढे आलो नाही. लॅपटॉप मात्र टेबलावर ठेवला होता. वर्षाची पूजा चुकवून कसं चालेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सयाजीराव, मला बोलायला वाईट वाटतं, पण नुमान आरतीला होता का हो? मला तरी दिसला नाही."

नुमान मलाही दिसला नव्हता.

४

नुमान माझ्याच केबिनमध्ये बसून होता. त्याची बायको सादिका हिचा फोन पुन्हा पुन्हा वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

"भावा, आरतीच्या वेळी तू कुठं व्हतास?" मी विचारलं.

"फुलं देऊन बाहेर गेलो होतो. मागच्या फाटकाने."

मागच्या फाटकावर सुट्टीच्या दिवशी माणूस नसतो. म्हणजे तो गेला, आला, की गेलाच नाही, हे सांगायला कुणी नव्हतं.

"कुठे गेला होतात?" मॅडमनी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघू लागला. माझं डोकं तापलं. "आरं बोल की! संध्याकाळी तुला आत घालतील. बायकापोरांचा तरी इचार कर!"

"शेजारच्या डायकास्टिंग कंपनीत," तो शेवटी म्हणाला. "मुलाखतीला."

मी कपाळाला हात लावला. आमचं गिऱ्हाईक आमच्या हातून सुटलं तर ते त्याच कंपनीच्या पदरात पडणार होतं. नुमानच्या बाजूने साक्ष देणार कोण, तर ज्यांना आमचं वाटोळं झालेलं हवं होतं तेच.

"ताईंना का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? शेठनी मला माणूस केलं." त्याचे डोळे भरून आले. "पण मॅडम, शेठ होते तेव्हा रोज विचारायचे, नुमान, आज काय जाणार, काय अडलंय. आता मला कुणी काही विचारत नाही. सगळं सिस्टिमला विचारतात. माझं फक्त नाव लागतं."

दारात इंदुताई उभ्या होत्या. त्यांनी मुलाखतीचं ऐकलं होतं, तेवढंच ऐकलं होतं.

"तिकडे नोकरी, आणि माझा सेट बक्षीस म्हणून," त्या म्हणाल्या. "सयाजीराव, गाडी काढा. संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही."

मी किल्ली घ्यायला वळलो. मॅडम माझ्या टेबलाकडे बघत होत्या. तिथे नुमानचा लॅपटॉप पडला होता, झाकणावर पिवळा टिळा घेऊन. त्या एकदम उठल्या.

"ताई, पोलिसांत जरूर जा. पण त्याआधी पूजेला बसलेले तुम्हा चौघांचे लॅपटॉप मला एका टेबलावर बघायचे आहेत."

५

ताईंच्या केबिनमध्ये चार लॅपटॉप ओळीने मांडले गेले. ताईंचा, प्रज्वलचा, नुमानचा आणि यशवंतरावांचा. कुणी बसलं नाही.

"धाकटी चोराचं नाव सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण चोराने लॅपटॉप वापरला आणि तो आरतीच्या वेळी वर होता. म्हणजे तो त्या वेळी टेबलावर असू शकत नाही. यशवंतराव, तुमचा टेबलावर होता ना?"

"होता की. सांगितलं ना."

"मग त्याला टिळा कुणी लावला?"

"हा काय प्रश्न झाला? वहिनींनीच लावला. टेबलावरच्या सगळ्यांना त्यांनीच लावला."

मी लॅपटॉपांकडे बघितलं. पिवळा, पिवळा, पिवळा. आणि लाल. माझे गुडघे तेव्हा उगाच दुखले नव्हते म्हणायचे.

इंदुताईंचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी यंदा एकाही मशीनला कुंकू लावलेलं नाही. करंडा परत पाठवला होता. हॉलमधल्या सगळ्यांना ते माहीत आहे."

यशवंतराव हसायला गेले. "मग घरी लावला असेल मंडळींनी. मी कुठे लक्ष ठेवतो?"

"आत्ता तर वहिनींनी लावला म्हणालात," मॅडम म्हणाल्या. "असू दे. टिळ्यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही. प्रत्येक लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो. पत्ता बदलला म्हणून आपोआप तो बदलत नाही. त्या दिवशी कपाटातल्या केबलला जे कार्ड जोडलं गेलं, त्याचा नंबर मला दुपारीच सापडलाय. कंपनीने घेतलेल्या एकाही लॅपटॉपचा तो नाही. म्हणजे कुणाच्या तरी स्वतःच्या लॅपटॉपचा आहे, आणि इथे कुणाकुणाच्या घरी काय काय आहे ते मला कसं कळावं? पण या चौघांत एकच खासगी आहे, असं प्रज्वल आत्ताच म्हणाला. उघडायचा का?"

त्यांनी हात पुढे केला. यशवंतरावांनी झटकन आपला पंजा झाकणावर ठेवला, बरोबर त्या कुंकवावर. मग काय केलं ते त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"दादाच्या मागे ही कंपनी माझी व्हायला हवी होती," ते म्हणाले. "फॅक्टरीत राबलो मी. खुर्चीत बसल्या तुम्ही. सेट महाळुंग्याच्या माझ्या शेडमध्ये आहे. मी स्वतःचं सुरू करणार होतो."

"आणि नुमानचं नाव?" मी विचारलं. पोलिसातला आवाज आपोआप आला होता.

"डिस्पॅचचा गेटपास त्याच्याच नावाने निघतो. दुसरं नाव चाललं नसतं. त्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं मला. राजीनाम्यावर भागवा, असं म्हणत होतो की नाही?"

"मग हे कुंकू कशाला लावलंत?" ताईंनी विचारलं. त्यांना खरंच ते कळत नव्हतं.

यशवंतरावांनी मान वर केली नाही. "लॅपटॉपची पूजा राहिली होती वहिनी. खंडेनवमी चुकली म्हणून मन खात होतं. घरी गेल्यावर देवापुढचं कुंकू लावलं, हारातली पाकळी लावली."

मी पोलिसात असताना नाना तऱ्हेचे चोर पाहिले. भावजयीचं घर लुटताना ज्याचा हात थरथरला नाही आणि लॅपटॉपची पूजा राहिली म्हणून ज्याला झोप लागली नाही, असा हा पहिलाच.

६

महाळुंग्याहून सेट परत आला तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. प्रज्वल आणि मॅडम धाकटीच्या खोलीत बसले होते. आता थोरलीने नुसतं आपल्या पत्त्यावरून बोलून भागणार नव्हतं, दोघींनाच ठाऊक असलेली खूणही द्यावी लागणार होती. खूण पटल्याशिवाय धाकटी तोंड उघडणार नव्हती.

नुमान पिशवी घेऊन गेटवर आला. मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्यामागे इंदुताई जवळजवळ पळत आल्या. त्यांना असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"नुमान, थांब. चुकलं माझं. सिस्टिमने तुझं नाव दाखवलं आणि मी..."

"धाकटीला माझं नाव कुणीतरी सांगितलं आणि तिने मानलं," नुमान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "ते मशीन आहे ताई. त्याला कुणी विचारायला शिकवलंच नव्हतं. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं."

शिफ्टची माणसं डबे हातात धरून थबकली होती. बसचा हॉर्न वाजत होता, पण कुणी हलत नव्हतं.

"तू जाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "शेठच्या जागी समज मला."

"शेठच्या जागीच समजत होतो." त्याने डोळे पुसले. "आज दुपारी तिकडून फोन आला होता. पहिल्या तारखेपासून बोलावलंय. मी हो म्हणालो."

नुमानने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. रोजच्या नियमाप्रमाणे मी तपासणार, तेवढ्यात त्याने ती ताईंकडे सरकवली. सकाळपासून तिची चेन तशीच उघडी होती. आत डबा, बाटली आणि रुमाल. डबा भरलेलाच होता, त्याने दिवसभर घास खाल्ला नव्हता.

"सकाळी सगळ्यांसमोर उघडायला लावलीत ताई," तो म्हणाला. "आता सगळ्यांसमोर बंद करा."

इंदुताईंनी चेन धरली. ती मध्येच अडकली, त्यांनी पुन्हा मागे घेतली आणि पुन्हा ओढली. त्यांना दिसत नव्हतं, कारण डोळे भरले होते. कुणी मदतीला पुढे झालं नाही. चेन पूर्ण लागेपर्यंत नुमान उभा राहिला, मग पिशवी खांद्याला अडकवली, मला हात केला आणि गेटमधून बाहेर पडला.